टी-शर्टवरील बहुरंगी छपाई : रंगजुळणी आणि हिशोबजुळणी

बंगळूर शहराच्या पूर्वेस असलेले व्हाइटफील्ड आज माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या उंच इमारतींसाठी ओळखले जाते. म्हैसूरचे महाराज दहावे चामराज वाडियार यांनी १८८२ मध्ये युरेशियन व अँग्लो-इंडियन समाजाच्या संस्थेला शेतीवसाहतीसाठी येथे जमीन दिली आणि त्या संस्थेचे धुरीण डी. एस. व्हाइट यांचे नाव वसाहतीला मिळाले. पुढील शंभर वर्षे हे एक शांत, आडबाजूचे गाव होते. १९९४ मध्ये भारत व सिंगापूर यांच्या भागीदारीतून टेक पार्कचा प्रकल्प हाती घेण्यात आला आणि गावाचा चेहरामोहरा पालटला. २५ मार्च २०२३ रोजी कृष्णराजपुरम ते व्हाइटफील्ड अशी मेट्रोही धावू लागली.

जेथे इतक्या कंपन्या आणि इतकी गृहसंकुले एकवटली आहेत, तेथे छापील टी-शर्टची मागणी बारमाही असते. नव्या प्रकल्पाचा प्रारंभ, कंपनीचा वर्धापनदिन, विभागांतर्गत क्रिकेट सामने, रविवारची धावण्याची शर्यत, नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचा संकुलातील गणेशोत्सव, अशा प्रत्येक प्रसंगी शंभर-दोनशेपासून हजार-दोन हजारांपर्यंत शर्ट छापून हवे असतात. कोरे शर्ट बहुतांशी तमिळनाडूतील तिरुप्पूर या होजिअरीच्या पेठेतून येतात. छपाई मात्र स्थानिक पातळीवर, एखाद्या गाळ्यात चार-सहा कामगारांच्या बळावर चालते.

या उद्योगास फार मोठे भांडवल लागत नाही. त्यामुळे मुद्रा योजनेखाली वा अन्य लघुउद्योग कर्जाखाली असे प्रस्ताव बँकेच्या शाखांमध्ये नेहमीच येतात, मग ती शाखा व्हाइटफील्डची असो, इचलकरंजीची असो वा ठाण्याची. लग्नपत्रिका किंवा एकरंगी पिशव्या छापण्यात हात बसलेला उद्योजक कंपन्यांच्या चार-पाच रंगी बोधचिन्हांकडे वळतो, तेव्हा काम चौपट होते असे त्याला वाटते. प्रत्यक्षात अडचणी चौपटीहून अधिक वाढतात, कारण प्रत्येक रंगाला स्वतःचे दोष असतातच, शिवाय दोन रंगांच्या परस्परसंबंधातून नवे दोष जन्म घेतात.

छपाईचे तंत्र

रांगोळीचा भोके पाडलेला पत्र्याचा छाप ज्यांनी वापरला आहे त्यांना स्क्रीन प्रिंटिंगचे तत्त्व वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. भोकांतून रांगोळी खाली उतरते, बाकी जागा कोरी राहते. स्क्रीनमध्ये पत्र्याऐवजी चौकटीवर ताणून बसविलेली पॉलिएस्टरची बारीक जाळी असते. तिच्यावर प्रकाशाने कडक होणारे इमल्शन पसरतात, वर चित्राची काळी प्रत ठेवून प्रखर प्रकाश देतात आणि पाण्याने धुतात. काळ्या भागाखालील इमल्शन वाहून जाते व जाळी मोकळी होते. या मोकळ्या जाळीतून रबरी पट्टीने, म्हणजे स्क्वीजीने, शाई कापडावर दाबली जाते. रेशमी जाळीच्या या पद्धतीचे पेटंट इंग्लंडमधील मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी १९०७ मध्ये घेतले. कपड्यांवर अनेक रंग छापण्यासाठी फिरत्या भुजांचे यंत्र अमेरिकेत मायकेल व्हॅसिलँटोन यांनी विकसित केले व त्याचे पेटंट त्यांना १९६९ मध्ये मिळाले. आज छोट्या गाळ्यांत दिसणारी चार रंगांची वा सहा रंगांची ‘कॅरोसेल’ यंत्रे त्याच कल्पनेवर चालतात.

यातील कळीची गोष्ट अशी की, प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र स्क्रीन लागते. शर्ट एका फळीवर चढविला जातो आणि एकामागून एक स्क्रीन त्याच्यावर उतरते. चारही स्क्रीन केसभरही न चुकता एकाच जागी उतरल्या पाहिजेत, आणि तेही पाचशे वेळा.

एका शर्टाची किंमत

दोषांकडे वळण्यापूर्वी हिशोब पाहणे इष्ट ठरेल. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, पाचशे शर्टांचे चाररंगी काम आहे. कोऱ्या शर्टाची किंमत १८० रुपये, छपाईची आकारणी ४० रुपये आणि शाई, मजुरी, वीज, भाडे मिळून छपाईचा खर्च ३० रुपये. म्हणजे एका शर्टामागे नफा १० रुपये व संपूर्ण कामात ५,००० रुपये. आता एक शर्ट बिघडला तर छपाईचे ३० रुपये वाया जातात आणि १८० रुपयांचा शर्टही भरून द्यावा लागतो. एकूण हानी २१० रुपये, म्हणजे एकवीस चांगल्या शर्टांचा नफा. पाचशेपैकी चोवीस शर्ट नाकारले गेले की संपूर्ण कामातील नफा शून्यावर येतो. शंभरात पाच शर्ट बिघडणे हे नवख्या कारखान्यात मुळीच अशक्य नाही. वरकरणी यंत्र दिवसभर चालू असते, मागणीही भरपूर असते, तरीही कर्जाचा हप्ता थकतो. अशा खात्याचे कारण पुष्कळदा बाजारपेठेत नव्हे, तर छपाईच्या फळीवर सापडते.

या दोषांचा आणखी एक स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. दोष जेथे दिसतो तेथे त्याचे कारण क्वचितच असते. धुतल्यावर निघणारा रंग ग्राहकाच्या घरी दिसतो, कारण मात्र ड्रायरमध्ये असते. चौथ्या रंगाची रेघ सरकलेली दिसते, कारण पहिल्या रंगानंतरच्या उष्णतेत असते. म्हणून दिसेल तेथे ठिगळ लावण्याऐवजी मागे मागे जात कारण शोधावे लागते आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी लागते.

रंग सरकणे

बहुरंगी छपाईतील सर्वांत जुनी व सर्वांत खर्चिक तक्रार म्हणजे रंगजुळणी बिघडणे. दोन रंगांमध्ये कोऱ्या कापडाची फट दिसते, किंवा एक रंग दुसऱ्यावर चढतो. बहुतेक कारागीर लगेच पाना हाती घेऊन स्क्रीन इकडेतिकडे सरकवू लागतात. ही घाई टाळावी. आधी दहा शर्ट ओळीने मांडून दोषाची रीत पाहावी.

सर्व दहा शर्टांवर रंग एकाच दिशेने व सारख्याच अंतराने सरकला असेल, तर चूक मांडणीची आहे. स्क्रीन पुन्हा जुळवून घट्ट केली की काम भागते. सरकणे दर शर्टाला निराळे असेल, तर कोठेतरी ढिलाई आहे. यंत्राच्या भुजेचा बेअरिंग झिजलेला आहे, चौकटीची पकड सैल आहे, किंवा फळीवरील चिकटपणा संपल्याने शर्टच जागचा हलतो आहे. तिसरा प्रकार अधिक फसवा असतो. चित्राच्या मध्यभागी रंग नेमके जुळतात, पण कडेकडे जावे तसे अंतर वाढत जाते. असे दिसले की स्क्रीन सरकवून कधीही उपयोग होत नाही, कारण येथे दोन चित्रांचा आकारच वेगवेगळा झालेला असतो.

आकार वेगळा कसा होतो? एक कारण काळ्या प्रतीत असते. लहान कारखान्यांत खर्च वाचविण्यासाठी फिल्मऐवजी ट्रेसिंग पेपरवर लेझर प्रिंटरने प्रत काढतात. प्रिंटरमधील उष्णतेने कागद किंचित आकसतो आणि नंतर हवेतील ओलावा शोषून पुन्हा फुगतो. चार रंगांपैकी तीन प्रती सोमवारी व बिघडलेली चौथी गुरुवारी काढली, तर ती चौथी बाकीच्या तिघींशी तंतोतंत जुळण्याची हमी नसते. सर्व प्रती एकाच बैठकीत, प्रिंटरमध्ये एकाच दिशेने कागद घालून काढाव्यात आणि स्क्रीनवर लावण्यापूर्वी उजेडाच्या काचेवर एकावर एक ठेवून तपासाव्यात. एखादी बिघडली तर चारही पुन्हा काढाव्यात. कागदाचा हा खर्च नगण्य आहे.

दुसरे कारण जाळीचा ताण. चांगल्या स्क्रीनची जाळी साधारण २० ते २५ न्यूटन प्रति सेंटीमीटर इतकी ताणलेली असावी. लाकडी चौकटीवर खिळ्यांनी किंवा स्टेपलने बसविलेली जाळी वापरागणिक सैल पडते, आणि पाण्याने भिजून चौकटही वाकते. सैल जाळीवर स्क्वीजी फिरली की जाळी तिच्याबरोबर ओढली जाते व चित्र लांबते. एक स्क्रीन घट्ट व दुसरी सैल असेल तर दोन्ही चित्रे वेगवेगळी लांबतात. म्हणून चारही स्क्रीनचा ताण, शर्ट व जाळी यांतील दोन-तीन मिलिमीटरचे अंतर आणि स्क्वीजीची दिशा एकसारखी ठेवावी. एका कारागिराने स्क्वीजी ओढायची आणि दुसऱ्याने ढकलायची, हे बहुरंगी कामात चालत नाही. दाबही बेताचाच हवा. शाई उतरत नाही म्हणून जोर लावणे हा उपाय नव्हे, शाई फार घट्ट आहे किंवा स्क्वीजीची धार बोथट झाली आहे याची ती खूण होय.

तिसरे कारण खुद्द शर्टात असते. सुती होजिअरी कापडात ओलावा असतो. पहिला रंग सुकविण्यासाठी उष्णता दिली की तो ओलावा उडून जातो व कापड आकसते. मग दुसरा रंग आकसलेल्या कापडावर पडतो आणि कडेला चुकतो. उपाय अगदी सोपा आहे. छपाईपूर्वीच शर्ट फळीवर चढवून काही सेकंद उष्णता द्यावी, म्हणजे जे आकसायचे ते आधीच आकसते.

कारण यंत्राकडे आहे की शर्टाकडे, हे ठरविण्याचीही एक सुटसुटीत कसोटी आहे. शर्टाऐवजी न विणलेल्या कापडाचा, म्हणजे ‘नॉन-वोव्हन’चा, तुकडा फळीवर चिकटवून चारही रंग छापावेत. त्यावर जुळणी नेमकी येत असेल आणि शर्टावर येत नसेल, तर दोष शर्ट, चिकट किंवा उष्णता यांपैकी कशात तरी आहे. त्या तुकड्यावरही जुळत नसेल, तर प्रती, जाळी व यंत्र तपासावे. पाच मिनिटांच्या या चाचणीने निम्म्या शंका एकाच वेळी दूर होतात.

अगदी उत्तम यंत्रावरही तिळभर फरक राहणारच, हे गृहीत धरून चित्र तयार करावे लागते. संगणकावर रंग वेगळे करताना शेजारशेजारचे रंग पाव ते अर्धा मिलिमीटर एकमेकांवर चढवून ठेवतात. ही तजवीज न करता ग्राहकाने पाठविलेले बोधचिन्ह जसेच्या तसे छापायला घेणे, म्हणजे दोरीवरून चालण्याची कसरत पाचशे वेळा करणे होय.

गडद शर्ट आणि पांढरा पाया

कंपन्यांना काळे, निळे व मरून शर्ट अधिक प्रिय असतात. गडद कापडावर पिवळा वा नारिंगी रंग थेट छापला तर तो मळकट दिसतो. म्हणून आधी पांढऱ्या रंगाचा पाया छापतात, फ्लॅश नावाच्या हीटरने तो अर्धवट सुकवितात व त्यावर पुढचे रंग चढवितात. या एका पायामुळे चाररंगी काम पाचरंगी होते. किंमत सांगताना ही गोष्ट हमखास विसरली जाते.

पाया वरच्या रंगांच्या कडेतून डोकावू नये म्हणून तो चित्राहून किंचित आखूड ठेवावा लागतो. पायासाठी इंचाला ११० ते १६० धाग्यांची जाळी आणि वरच्या रंगांसाठी १६० ते २३० धाग्यांची जाळी वापरण्याची पद्धत आहे. जाळी जितकी विरळ, तितकी शाई अधिक उतरते. पायाची एक जाड थर मारण्यापेक्षा दोन नेमके हात मारणे चांगले. जाड थर खडबडीत होतो व वरचा रंग त्यावर भेगाळतो.

फ्लॅशखालील वेळ हे या कामातील खरे कौशल्य. पायाचा पृष्ठभाग हाताला लागणार नाही इतकाच सुकला पाहिजे. प्लास्टिसॉल शाईसाठी याला साधारण १०५ ते १२० अंश सेल्सिअस तापमान पुरते. पाया पुरेसा सुकला नाही तर पुढच्या स्क्रीनच्या पाठीला पांढरा रंग चिकटतो व तो पुढील प्रत्येक शर्टावर उमटत जातो. तो अति सुकून पूर्ण पक्का झाला, तर वरचा रंग त्याला धरत नाही आणि काही धुण्यांनंतर पापुद्र्यासारखा सुटतो. पहिला दोष लगेच दिसतो, दुसरा महिन्याने दिसतो. साहजिकच कारागीर पहिल्या दोषाला घाबरून दुसऱ्याला आमंत्रण देतात.

त्यात भर म्हणजे फळ्या तापतात. सकाळी थंड फळीवर आठ-दहा सेकंद लागत असतील, तर तासाभराच्या सलग कामानंतर त्याच्या निम्मी वेळही पुरते. वेळ तीच ठेवली तर पाया अति सुकतो, शिवाय तापलेल्या फळीमुळे शाई जाळीतच घट्ट होऊ लागते. सकाळचे शंभर शर्ट उत्तम आणि दुपारचे बिघडलेले, असे दिसले तर बहुधा याच कारणाचा संशय घ्यावा.

रंगांचा क्रमही विचारपूर्वक ठरवावा. पायानंतर साधारणपणे फिकट रंग आधी व गडद रंग नंतर, कमी जागा व्यापणारे आधी व अधिक व्यापणारे नंतर, आणि काळी बाह्यरेषा सर्वांत शेवटी असा प्रघात आहे. शेवटची काळी रेघ लहानसहान फटी झाकून टाकते.

धुतल्यावर निघणारा रंग

उद्योजकाची पत ज्या दोषाने सर्वाधिक जाते तो हाच. माल पोचतो, समारंभ पार पडतो, छायाचित्रेही काढली जातात आणि पंधरा दिवसांनी तक्रारी येऊ लागतात. कारण जवळजवळ नेहमी एकच असते : शाई वरून सुकली, पण आतून पक्की झाली नाही. प्लास्टिसॉल शाई हवेने वाळत नाही. थराच्या तळापर्यंत साधारण १६० अंश सेल्सिअस तापमान पोचले तरच ती पक्की होते. अलीकडे कमी तापमानाच्या शाया मिळतात, त्यांच्या डब्यावरील आकडा प्रमाण मानावा. पाण्यावर आधारित पिगमेंट शाईला बाइंडर धरण्यासाठी साधारण १५० अंशांवर काही मिनिटे लागतात, कारण आधी त्यातील पाणी उडावे लागते. ड्रायरचा पट्टा प्लास्टिसॉलच्या वेगाने ठेवून त्यातून पिगमेंटचा माल काढला, तर तो कच्चाच राहतो.

ड्रायरवरील काट्यावर विसंबून चालत नाही. तो काटा ड्रायरच्या हवेचे तापमान दाखवितो, शाईचे नव्हे. बंदुकीसारखा इन्फ्रारेड तापमापक शाईच्या फक्त पृष्ठभागाचे तापमान सांगतो. थराखालचा अंदाज घेण्यासाठी ड्रायरमधून शर्टाबरोबर फिरणारी तार किंवा रंग बदलणाऱ्या तापमान-पट्ट्या वापराव्यात. साधने नसतील तरी दोन कसोट्या प्रत्येकाच्या हातात आहेत. थंड झालेली छपाई दोन्ही हातांनी ताणून पाहावी. ती तडकली व परत जुळली नाही, तर शाई कच्ची समजावी. दुसरी कसोटी धुण्याची. कामाच्या आरंभी, मध्ये व शेवटी एकेक शर्ट काढून गरम पाण्यात, साबणाने, चार-पाच वेळा धुवावा. एका कामामागे तीन शर्ट खर्ची पडतात म्हणून पुष्कळजण ही चाचणी टाळतात. वरच्या हिशोबात तीन शर्ट म्हणजे ६३० रुपये, आणि संपूर्ण माल परत आला तर कोऱ्या शर्टांचेच ९०,००० रुपये.

कर्जप्रस्ताव तपासणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी येथे एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. अनेक प्रस्तावांत सहा रंगांच्या यंत्राची किंमतपत्रिका ठळकपणे जोडलेली असते आणि ड्रायरच्या जागी ‘हीटर’ एवढाच शब्द असतो. पैसे अपुरे असतील तर चार रंगांचे यंत्र व चांगला ड्रायर ही जोडी सहा रंगांचे यंत्र व हातातल्या हीटरच्या जोडीपेक्षा निःसंशय अधिक सुरक्षित आहे. पाहणीच्या भेटीत कारखान्यात तापमापक आहे का आणि धुण्याच्या चाचणीचे शर्ट दाखविता येतात का, हे विचारल्यास बरेच काही कळते.

खेळाच्या शर्टांबाबत वेगळाच प्रकार घडतो. धावण्याच्या शर्यतीसाठी पॉलिएस्टरचे, घाम लवकर सुकणारे शर्ट मागविले जातात. लाल शर्टावर शुभ्र पांढरा मजकूर छापला जातो आणि दोन दिवसांनी तो गुलाबी दिसू लागतो. येथे शाई कच्ची नसते, उलट उष्णता अधिक झालेली असते. पॉलिएस्टरला दिलेला रंग साधारण १३० ते १४० अंशांपुढे वायुरूप होऊन वरच्या शाईत शिरू लागतो. लाल व मरून रंगांत हे विशेष दिसते. अशा कापडासाठी रंग रोखणारी, कमी तापमानाची शाई घ्यावी, तिच्याखाली करड्या रंगाचा रोधक थर द्यावा आणि ड्रायरमधून निघालेले गरम शर्ट लगेच एकावर एक रचू नयेत, कारण गठ्ठ्यातील उष्णतेने ही क्रिया चालूच राहते. नमुन्याचा शर्ट छापून किमान दोन दिवस ठेवल्याखेरीज पॉलिएस्टरचे काम सुरू करू नये. ग्राहक घाई करतो हे खरे, पण हे दोन दिवस मुदत ठरवितानाच त्याला सांगून ठेवावेत.

किरकोळ तक्रारी

चित्राबाहेर रंगाचे बारीक ठिपके पडणे हा जाळीवरील धुळीचा वा तेलकटपणाचा परिणाम होय. इमल्शन लावण्यापूर्वी जाळी तेल काढणाऱ्या द्रवाने धुवावी व राहिलेली भोके ब्लॉकआउटने किंवा चिकटपट्टीने बुजवावीत. रंग पसरून कडा फुटत असतील तर शाई पातळ झालेली असते. ‘थोडे पाणी घाला’ हा सल्ला पिगमेंट छपाईत फार महागात पडतो. बारीक बिंदूंच्या छायाचित्रात लाटांसारखी नक्षी दिसली, तर बिंदूंच्या ओळी व जाळीचे धागे यांचा कोन जुळत नाही. इंचातील जाळीचे धागे बिंदूंच्या ओळींच्या चार-पाच पट असावेत, आणि नक्षी हटेपर्यंत कोन बदलून पाहावा. पिगमेंट शाई जाळीत वाळून बारीक रेषा बंद होत असतील, तर स्क्रीनवर रोखलेला पंखा आधी बंद करावा. फेब्रुवारी ते एप्रिलच्या कोरड्या हवेत बंगळूरला ही तक्रार फार येते.

पावसाळ्यात चित्र उलटते. बंगळूरला नैर्ऋत्य मोसमी पाऊस मिळतोच, शिवाय ऑक्टोबरमध्येही चांगला पाऊस होतो. म्हणजे गणपतीपासून दिवाळीपर्यंतच्या ऐन हंगामात हवा दमट असते. दमट हवेत इमल्शन वरून वाळलेले दिसते, पण आत ओलसर राहते आणि प्रकाशाने नीट कडक होत नाही. अशी स्क्रीन दोनशे शर्टांनंतर कडेने विरघळू लागते. तीच स्क्रीन पुन्हा बनविली तर ती बाकीच्या तिन्हींशी पुन्हा जुळवावी लागते, म्हणजे रंगजुळणीचा सारा व्याप नव्याने सुरू होतो. बंद कपाटात लहान पंखा व ओलावा शोषणारे यंत्र ठेवून स्क्रीन रात्रभर वाळविणे हा यावरचा खात्रीचा उपाय आहे.

पाण्याच्या टंचाईचाही छपाईशी थेट संबंध येतो. २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळूरला पाण्याची तीव्र चणचण भासली आणि कूपनलिका व टँकर यांवर विसंबलेल्या व्हाइटफील्डसारख्या भागांना तिची झळ अधिक बसली. कावेरी योजनेचा पाचवा टप्पा १६ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाल्याने शहराच्या सीमेवरील भागांसाठी पाण्याची सोय वाढली. टँकर मोजून वापरणाऱ्या कारखान्यात स्क्रीन धुण्यात काटकसर केली जाते, आणि मोकळ्या जाळीत इमल्शनचा डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा राहून जातो. त्यातून शाई कमी उतरते, मग कारागीर दाब वाढवितो, दाबाने जाळी लांबते व रंग सरकतात. धुतलेली स्क्रीन उजेडासमोर धरून पाहिली तर हा पापुद्रा ओळखता येतो.

मालाची स्वीकृती आणि पैसे

छपाईतील दोषाचा बिलाच्या वसुलीशी कायद्यानेही संबंध आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार, ‘उद्यम’ नोंदणी असलेल्या सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे खरेदीदाराने लेखी कराराच्या मुदतीत द्यावयाचे असतात. ही मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. मुदत ठरलेली नसेल तर ती १५ दिवसांची धरली जाते. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज देय होते.

मात्र यात ‘स्वीकारल्यापासून’ या शब्दाला महत्त्व आहे. माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल मिळाल्याच्या दिवशीच तो स्वीकारला असे मानले जाते. लेखी हरकत घेतली, तर पुरवठादाराने ती दूर केल्याच्या दिवसापासून मुदत मोजली जाते. दोन दिवसांत उमटणारी गुलाबी छटा आणि दुसऱ्या धुण्यात निघणारा रंग हे दोन्ही दोष या पंधरा दिवसांतच उघड होतात. म्हणजे ड्रायरमधील वीस अंशांच्या कमतरतेमुळे नव्वद हजारांचे येणे लांबणीवर पडू शकते, आणि रोखकर्जाच्या खात्यावर व्याज चढत राहते.

यासाठी काम घेतानाच एक पानाचा मागणीपत्रक-नमुना वापरावा. त्यात कापडाचा प्रकार, रंगांची संख्या, पांढरा पाया धरला आहे किंवा नाही, रंगजुळणीत किती फरक चालेल, आणि शंभरामागे किती शर्ट जादा पुरविले जातील हे लिहावे. शर्ट ग्राहकानेच आणून दिले असतील, तर बिघडलेल्या शर्टांची भरपाई कोणत्या मर्यादेपर्यंत, हेही नमूद करावे. पहिला छापलेला शर्ट धुऊन, दोन दिवस ठेवून ग्राहकाला दाखवावा. त्याच्या पसंतीची सही शर्टाला जोडलेल्या चिठ्ठीवर घ्यावी. असे दोन शर्ट करून एक ग्राहकाकडे व एक कारखान्यात ठेवावा, आणि माल पोचविल्याच्या दिवशी तारखेसह पोचपावती घ्यावी.